वजन उतरवणाऱ्यांनी एकमेकांच्या पद्धतींचा मान कसा राखावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वरच्या रस्त्याने किंवा घराच्या गच्चीवर चालून वजन उतरवू पाहणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. त्यात गृहिणी आहेत, शाळेतले आणि बँकेतले नोकरदार आहेत, निवृत्त मंडळी आहेत आणि आठवड्याला गावी जाऊन शेती पाहणारेही आहेत. प्रत्येकाची खाण्याची रीत निराळी आहे. गटात वाद होतात ते बहुतेक या रीतीवरूनच, आणि त्यांना कंटाळून चांगली चाललेली माणसे यायची बंद होतात. सदस्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची आमच्या परीने दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी खाण्यात कोणताही मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, ही विनंती सुरुवातीलाच करतो.

गटात कोणी दोनदाच जेवते, कोणी दर दोन तासांनी खाते, कोणी भात सोडला आहे, कोणी तूप वाढवले आहे. यातली खरी पद्धत कोणती?

या प्रश्नाचे उत्तर संशोधनाने बऱ्यापैकी स्पष्ट दिलेले आहे, आणि ते कोणत्याही एका बाजूला खूश करणारे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ६०९ प्रौढांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ कमी केले, आणि दोन्ही गटांना भाजीपाला व घरचे ताजे अन्न खाण्यास सांगितले होते. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६.० किलो वजन उतरलेले होते, म्हणजे फरक दखल घेण्याजोगा नव्हता. खरा फरक प्रत्येक गटाच्या आत होता : एकच पद्धत पाळणाऱ्यांपैकी कोणाचे पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर कोणाचे उलट काही किलो वाढले. कोणाला कोणती पद्धत लागू पडेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिनच्या पातळीवरून आधी सांगता येते का, हेही त्यांनी तपासले, आणि ते सांगता आले नाही.

त्याआधी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ८११ जणांना चार वेगवेगळे आहार देऊन दोन वर्षे पाहिले गेले. चारही आहारांचा परिणाम जवळपास सारखा आला. मात्र जे लोक मार्गदर्शनाच्या बैठकांना नियमित येत राहिले, त्यांचे वजन अधिक उतरले. आमच्या दृष्टीने ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण एखाद्याच्या पद्धतीची टिंगल झाली की तो पद्धत सोडत नाही, गट सोडतो, आणि जे टिकून राहिल्याने फायदा व्हायचा तेच त्याच्या हातून जाते.

तरीही सांगा, दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात हा वाद घराघरांत झाला आहे, त्यामुळे तो टाळण्यात अर्थ नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा आधार घेऊन, दिवसातून कडकडून भूक लागते अशा दोनच वेळी, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे असे सांगतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे सांगणे असे की थोड्या थोड्या अंतराने, आपल्या भागातले, ऋतूप्रमाणे मिळणारे, आजीच्या स्वयंपाकघरात होते तसे अन्न खावे आणि भात-तुपाला भिऊ नये. कागदावर या दोन गोष्टी परस्परविरोधी दिसतात. परंतु प्रत्यक्षात दोन्ही मनापासून पाळणाऱ्यांच्या घरी गेलात तर चहाबरोबरची बिस्किटे, टीव्हीपुढचे फरसाण आणि रात्री उशिराचे खाणे दोन्हीकडे सुटलेले दिसते.

खाण्याच्या वेळा मर्यादित ठेवण्यावर चीनमधील ग्वांगझू येथे एक चांगला अभ्यास झाला असून तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारख्याच प्रमाणात कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यांतल्या निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायचा होता. वेळ पाळणाऱ्यांचे ८.० किलो आणि न पाळणाऱ्यांचे ६.३ किलो वजन उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. याचा अर्थ वेळ पाळणे व्यर्थ आहे असा होत नाही. वेळ पाळल्याने ज्याचे खाणे सहज आटोक्यात येते, त्याने ती जरूर पाळावी. ज्याला दोन जेवणांच्या मधे चक्कर येते, चिडचिड होते आणि मग संध्याकाळी ताबा सुटतो, त्याच्यासाठी मधला मूठभर फुटाण्यांचा आधार अधिक शहाणपणाचा आहे. महाबळेश्वरच्या घाटात एसटी चालवणाऱ्या माणसाचा दिवस आणि दिवसभर घरी स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईचा दिवस यांत इतके अंतर आहे की दोघांना एकच वेळापत्रक सांगणेच मुळात अन्यायाचे आहे.

मला माझ्या पद्धतीने खरोखर फायदा झाला. तो दुसऱ्याला सांगितला तर बिघडले कुठे?

सांगण्यात काहीच बिघडत नाही. फक्त समोरच्याने विचारलेले असावे. आमच्या गटात आम्ही एक साधा रिवाज ठेवला आहे. आपला अनुभव सांगायचा असेल तर आधी विचारायचे, ‘मी काय केले ते सांगू का?’ आणि होकार आला तर ‘मी’पासून सुरुवात करून ‘मी’पाशीच थांबायचे. ‘मी रात्रीचा भात बंद केला आणि मला हलके वाटले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला मोकळे ठेवते. ‘वहिनी, तुम्ही अजून भात खाता? मग कसे उतरणार?’ हे वाक्य प्रश्नाच्या वेषातला ठपका असते.

वजनावरून लाजवले की माणूस जिद्दीने कमी खाऊ लागतो, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. २०२० साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. लठ्ठपणा हा केवळ इच्छाशक्तीचा अभाव आहे, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही आणि हिणवण्याने शरीराचे व मनाचे नुकसानच होते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपला सल्ला कितीही बरोबर असला तरी तो लाज वाटेल अशा रीतीने दिला गेला तर त्याचा उपयोग संपतो.

आम्ही दोघी जावा एकाच घरात, एकच खातो आणि एकत्रच चालतो. तिचे वजन उतरते, माझे नाही. मी चोरून खाते असे सगळ्यांना वाटते.

आपल्याकडे ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणतात ते येथे शब्दशः खरे आहे. १९९० साली कॅनडातील लावाल विद्यापीठातील संशोधकांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्यांना एकूण ८४ दिवस रोज हजार कॅलरी जास्त खायला दिल्या. खाणे सारखे, देखरेख कडक, तरी कोणाचे वजन ४.३ किलोच वाढले तर कोणाचे १३.३ किलो. जोडीतल्या दोन भावांची वाढ मात्र एकमेकांशी बरीच जुळत होती. शरीर जास्तीचे अन्न कसे साठवते यात जन्मजात वाटा मोठा आहे, हे त्यातून दिसले. ज्या देखरेखीत चोरून खाण्याला वाव नव्हता तेथेही असा फरक पडतो, तर घरातल्या जावांमध्ये तो पडणारच.

याच संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३ होता, पण मोजणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. २००४ साली दोघांचे छायाचित्र व आकडे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. भारतीय शरीर बारीक दिसूनही पोटाशी चरबी बाळगते, म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा असे सांगितले जाते.

याशिवाय थायरॉइडची कमतरता, पीसीओएस (स्त्रियांच्या बीजांडकोशाचा एक विकार), रजोनिवृत्ती, स्टेरॉइड किंवा मनोविकारावरची काही औषधे, रात्रपाळी आणि अपुरी झोप यांमुळेही वजन अडून बसते. तुम्ही एकदा थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि घरातल्यांना आमची हात जोडून विनंती आहे, की त्यांनी डब्यातले लाडू मोजणे थांबवावे.

एकमेकांच्या जेवणाची तुलना केल्याशिवाय कोण किती खाते हे कळणार कसे?

तुलनेनेही ते कळत नाही. समजा, गटातल्या दोघी सांगतात की त्या दुपारी ‘दोन भाकरी’ खातात. एकीची भाकरी तळहातापेक्षा थोडी मोठी, पातळ, तव्यावर टाकल्याबरोबर पापुद्रा धरणारी. तिला ज्वारीचे चाळीस-पन्नास ग्रॅम पीठ लागते. दुसरी माण तालुक्याकडची. तिची भाकरी परातीत दोन्ही हातांनी थापलेली, काठाला जाड, चुलीवर भाजलेली असते, आणि ती शंभर ग्रॅम पिठापर्यंत जाते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३५ ते ३५० कॅलरी असतात. म्हणजे दोघींच्या ‘दोन भाकरीं’त दुपटीचा फरक पडला, आणि तरीही दुसरीने सकाळपासून रानात भांगलण केलेली असेल तर तिचे खाणे तिला जास्त नाही.

आपल्या एका जिल्ह्यात तरी ताट एक कुठे आहे? जावळी आणि पाटणच्या डोंगरात भात आणि नाचणी, माण-खटावला बाजरी आणि ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा तर भौगोलिक मानांकन मिळालेला. घेवड्याची आमटी रोज खाणाऱ्याला प्रथिने मिळतात आणि पोटही भरते. मग तो भात खातो म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्या ताटात भाकरी, ठेचा आणि नुसता पातळ रस्सा आहे, त्याला मात्र डाळ, अंडे किंवा ताक-दही वाढवायला सांगणे योग्य ठरेल, अर्थात त्याने विचारल्यावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात.

एकत्र कुटुंब आहे. सासूबाईंचा उपवास, ह्यांचे दोनदा जेवण, दिरांना प्रथिनांचा आहार, मुलांना सगळेच. सगळ्यांच्या पद्धतींचा मान राखायचा तर मी दिवसभर ओट्यापाशीच उभी राहते.

हा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पद्धतींच्या आदराबद्दल बोलताना स्वयंपाक करणारीचा विचार सहसा कोणी करत नाही. प्रत्येकाच्या पद्धतीचा मान राखणे म्हणजे एकीने पाच प्रकारचा स्वयंपाक करणे नव्हे. ज्याने वेगळी पद्धत निवडली, त्याने तिच्यापुरते वेगळे काम स्वतः उचलावे : अंडी उकडायची ती त्याने उकडावीत, कोशिंबिरीची काकडी त्याने चोचवावी, मटकीला मोड आणायची आठवण त्याने ठेवावी. घरात डाळ, भाजी, भाकरी आणि भात एवढा समाईक स्वयंपाक झाला की त्यातून बहुतेक सर्व पद्धती निभावतात, कारण फरक मुख्यतः कोणी काय किती वाढून घेतो आणि केव्हा जेवतो एवढाच उरतो. फोडणीचे तेल मोजून घातले तर ते सर्वांच्याच कामी येते.

सासूबाईंशी बोलताना ‘तुमच्या हातचे खाऊन माझे वजन वाढले’ असा सूर लागू देऊ नका. ज्या पिढीने टंचाई पाहिली, तिच्यासाठी भरून वाढणे हीच माया असते. ‘आई, आमटी दोनदा घेते, भात एकदाच वाढा’ असे म्हटले तर त्यांचा मान राहतो आणि तुमचे पथ्यही. आणि स्वतः स्वयंपाक करणारीने स्वतःसाठी कोणती पद्धत निवडली आहे, हेही घरातल्या कोणी तरी एकदा विचारावे.

हळदीकुंकू, बारसे, लग्न, यात्रा. आग्रहापुढे पद्धत टिकत नाही. काय करावे?

आग्रह करणाऱ्याने पहिला नकार हाच शेवटचा धरावा, एवढे जरी आपण सर्वांनी पाळले तरी निम्मा प्रश्न सुटेल. ‘एका पेढ्याने काय होते’ हे वाक्य वाढणाऱ्याला प्रेमाचे वाटते, पण ऐकणाऱ्याला त्या दिवशी ते चार घरी ऐकावे लागते. कंदी पेढा हाताशी आला तर तो नाकारण्याऐवजी रुमालात बांधून घरी न्यावा. यजमानाचा मान राहतो. ज्याला खायचा आहे त्याने तो आनंदाने खावा, आणि शेजारी बसलेल्या गटातल्या माणसाने त्या वेळी काहीही बोलू नये. एकमेकांवर पहारा ठेवण्यासाठी गट नाही.

एकादशी, श्रावणी सोमवार, चातुर्मास, चौविहार, रोजे यांकडे वजन उतरवण्याची पद्धत म्हणून पाहावे का?

नाही. ज्याने व्रत म्हणून उपवास धरला आहे त्याला ‘साबुदाण्याची खिचडी खाऊन कसला उपवास, उलट वजन वाढेल’ असे सुनावणे हे त्याच्या श्रद्धेच्या क्षेत्रात विनाकारण शिरणे आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट असतो आणि दाण्याच्या कुटात उष्मांक भरपूर असतात, हे खरेच आहे. पण त्याने वजनाबद्दल विचारले तरच ते सांगावे, आणि सांगताना वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक, फळे असे व्रतात चालणारे पर्यायही सांगावेत. जैन सदस्य सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, मुस्लिम सदस्य रमजानमध्ये पहाटे आणि संध्याकाळी खातात. गटाचा अल्पोपाहार किंवा चालण्याची वेळ ठरवताना याची आठवण ठेवणे हे आपले काम आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र कोणत्याही लांब उपवासाआधी गोळ्यांच्या व इन्शुलिनच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावेच.

गटातल्या एकांनी वजनाचे इंजेक्शन सुरू केले आहे. आम्ही घाम गाळतो आणि ते सुई टोचून बारीक होतात. याला प्रयत्न म्हणायचे का?

होय, म्हणायचे. सेमाग्लुटाइडसारखी औषधे भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांवर काम करतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जणांनी भाग घेतला होता. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले आणि तसेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. औषध थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले, हेही त्याच सहभागींच्या पुढच्या पाहणीत दिसले. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता यांचा त्रास अनेकांना होतो, आणि स्नायू टिकवण्यासाठी प्रथिने व व्यायाम लागतातच. हे सारे सोसून जो औषध घेतो, त्याने सोपी वाट धरली असे म्हणणे अज्ञानाचे आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण ‘मीठ सोडले असते तर गोळी लागली नसती’ असे तोंडावर म्हणत नाही. तोच संयम येथे हवा. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया केलेल्यांनाही हेच लागू आहे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कोणाकडून तरी मागवून घेणे मात्र धोक्याचे आहे, आणि तसे कोणी करत असल्यास त्याला स्पष्ट सांगावे.

म्हणजे कोणी काहीही करो, आपण गप्प बसायचे?

मुळीच नाही. पद्धतीचा मान राखणे आणि धोका दिसत असताना तोंड फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस जेवण वगळू लागला तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहावरचीच डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी घेऊन कोणी भात-भाकरी पूर्ण बंद केली किंवा लांब उपवास सुरू केला तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फार वाढलेला दिसेलच असे नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने स्वतःच्या मनाने प्रथिनांची पावडर सुरू करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याचा कोणताही कडक आहार धरू नये.

पाळी थांबणे, केस मूठमूठ गळणे, चढावर चक्कर येऊन बसावे लागणे, फार वेगाने वजन उतरत असताना उजव्या बरगडीखाली दुखणे (पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो), जेवल्यावर गुपचूप उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, चारचौघांत जेवायचेच टाळणे : यांपैकी काही दिसले तर त्या माणसाला बाजूला घेऊन, आवाज खाली ठेवून बोलावे. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा उतरण्याचा वेग बहुतेकांना मानवतो. आणखी एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो : कोणाचे वजन काहीही न करता उतरत असेल तर त्याचे अभिनंदन करण्याची घाई करू नये. सहा ते बारा महिन्यांत विनाकारण पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरणे हे क्षयरोग, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडची अतिक्रिया किंवा कर्करोग यांचे लक्षण असू शकते. ‘वा, काय बारीक झालात!’ असे आपण हौसेने म्हणतो आणि समोरचा तपासणी आणखी महिनाभर पुढे ढकलतो.

गटातल्या एक ताई वजनाची पावडर विकतात. तीही एक पद्धतच नाही का?

पावडर पिणाऱ्याचा मान राखावा. विक्रीच्या दाव्याला मात्र तो मान लागू होत नाही. ‘महिन्यात दहा किलो’ हे ‘पी हळद आणि हो गोरी’ याच जातीचे आश्वासन आहे. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत लठ्ठपणा आणि मधुमेह या दोन्हींची नावे आहेत, म्हणजे त्यांवर औषधी उपायाची जाहिरात करणे हा कायद्याने गुन्हा ठरतो. डब्यावर अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक असला तरी त्याने वजन उतरते असे शासनाने प्रमाणित केले असा अर्थ होत नाही. आमच्या गटात चालण्याच्या वेळी विक्री करू दिली जात नाही, मग विकणारी व्यक्ती कितीही जवळची असो.

माझा मुलगा तालमीत जातो. स्पर्धेच्या आधी वजनगटात बसण्यासाठी तो पाणी सोडतो. हीही एक पद्धत म्हणून स्वीकारावी का?

ही वजन उतरवण्याची पद्धतच नव्हे. ते शरीरातले पाणी काढणे आहे, आणि चरबी त्याने हलत नाही. कुस्तीला वजनगट अपरिहार्य आहेत हे मान्य. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले तेही बँटमवेट गटात, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीआधी केवळ शंभर ग्रॅम जास्त भरल्यामुळे अपात्र ठरल्या, हे सर्वांनी पाहिले. परंतु १९९७ साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच झपाट्याने वजन उतरवताना मरण पावले आणि त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. वाढीच्या वयातल्या मुलाने पाणी तोडू नये. वस्तादांचा अनुभव आणि अधिकार यांचा पूर्ण मान ठेवून तुम्ही त्यांच्याशी बसून बोला आणि वरच्या गटात खेळवता येईल का ते विचारा.

गटात सर्वांचे वजन मोठ्याने वाचून दाखवावे का?

नाही. ज्याचा आकडा त्याच्या वहीत राहील. आधीचे आणि नंतरचे छायाचित्रही संबंधिताने होकार दिल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नये.

पहिल्या आठवड्यात माझे तीन किलो उतरले आणि शेजारच्या काकांचे अर्धा किलो. माझीच पद्धत चांगली ना?

भात-भाकरी एकदम कमी केली की शरीरातला साठवलेला ग्लायकोजन (पिष्टमय पदार्थांचा साठा) संपतो, आणि ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. तुमच्या तीन किलोंत बराच भाग त्या पाण्याचा आहे. काकांच्या अर्ध्या किलोत कदाचित चरबीचा वाटा अधिक असेल. सहा महिने थांबा, आणि तोवर काकांना काही म्हणू नका.

ज्यांना वजन उतरवायचेच नाही, अशांनी गटात यावे का?

जरूर यावे. चालल्याने गुडघे, झोप, साखर आणि मन यांना फायदा होतो, वजनकाटा हलो वा न हलो. यवतेश्वरचा घाट धावत चढणारे आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे आमच्यात आहेत, तसेच सपाटीवरून संथ चालणाऱ्या आजीही आहेत.

लहान मुलांसमोर वजनाबद्दल कसे बोलावे?

शक्यतो बोलूच नये. ‘जाड्या’, ‘गोलू’ अशी लाडाची नावे घरात सुरू होतात आणि मुले ती शाळेत ऐकतात. मुलाच्या वजनाची काळजी असेल तर ती बालरोगतज्ज्ञांपुढे मांडावी, आणि घरात सर्वांसाठी खाणे व खेळणे बदलावे, एकट्या त्या मुलासाठी नव्हे.

मी तीनदा पद्धत बदलली. आता वजनही परत वाढले आहे. गटात तोंड दाखवायची लाज वाटते.

वजन परत वाढणे हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली दाखवले की आहाराने वजन उतरवल्यावर वर्ष उलटले तरी भूक वाढवणाऱ्या घ्रेलिनसारख्या संप्रेरकांची पातळी चढलेलीच राहते. शरीर हरवलेले वजन परत मिळवण्याचा प्रयत्न करत राहते. म्हणूनच वजन राखण्याचे काम उतरवण्याइतकेच कठीण आहे, आणि त्यासाठी पद्धत बदलावी लागणे यात काही वावगे नाही. तिशीत चाललेली पद्धत पन्नाशीत चालतेच असे नाही, आणि पावसाळ्यात चाललेला दिनक्रम मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत कोलमडतो.

तुम्ही परत या. आल्यावर ‘मधे कुठे होता’ असे कोणी विचारणार नाही, अशी आम्ही सदस्यांना ताकीद देऊन ठेवली आहे. मधल्या काळात काही नवे औषध सुरू झाले असल्यास, गुडघा किंवा छाती दुखत असल्यास तेवढे चालणे सुरू करण्याआधी आम्हांला सांगा. पहिले काही दिवस गड न चढता सपाटीवर चाला. खाण्याची कोणती पद्धत धरायची ते तुमचे तुम्ही ठरवा. ठरले नसेल तरीही या.